नववं मत

रविवारी सकाळी दहाला क्लबहाउसमध्ये बैठक होती, आणि शिवरामसर साडेआठपासूनच इस्त्रीचा शर्ट घालून बसले होते. चहा दोनदा झाला होता आणि दोन्ही वेळा निम्मा कपातच राहिला होता. बत्तीस वर्षं कल्याणच्या कॉलेजात इतिहास शिकवलेला माणूस, पण आज त्यांची अवस्था पहिल्याच तासाला उभ्या राहिलेल्या नवख्या मास्तरासारखी झाली होती. भीमाबाई समोर बसून कॅनमधलं पाणी गाळून हंड्यात ओतत होत्या आणि अधूनमधून नवऱ्याकडे बघत होत्या.

प्रकरण पाण्याचं होतं. घोडबंदर रोडला राहणाऱ्याला पाण्याचं प्रकरण फोड करून सांगावं लागत नाही, तरी सांगतो. पर्णकुंज कॉम्प्लेक्समध्ये इमारती तेरा. त्यातल्या बारा बावीस मजली. तेरावी सात मजली, अठ्ठावीस घरांची, कोपऱ्यात. कॉम्प्लेक्स उभं राहायच्या आधी या जागेवर जी वस्ती होती, तिच्यातली माणसं या तेराव्या इमारतीत राहतात. बिल्डरने तिला रंगसुद्धा वेगळा दिला होता, म्हणजे कुणाची चुकामूक व्हायला नको.

पाण्याची लाइन गेटपासून निघते आणि एक नंबर, दोन नंबर करत शेवटी तेराला पोचते. प्रत्येक इमारतीचा व्हॉल्व्ह त्या त्या इमारतीच्या ताब्यात. सकाळी दोन तास पाणी येतं. आपली टाकी भरली की व्हॉल्व्ह बंद करून पाणी पुढे सोडायचं असा शिरस्ता. आता शिरस्ता म्हणजे काय, तर ज्याच्या हातात व्हॉल्व्ह त्याची मर्जी. बळी तो कान पिळी. पाच नंबरवाल्यांच्या तर गाड्या धुऊन होईपर्यंत पाणी पुढे सरकत नसे. तेराला ते पोचे तेव्हा पंधरा-वीस मिनिटं उरलेली असत, आणि तेवढ्यात गच्चीवरची टाकी काही भरत नसे. मग माणसं कॅन घेऊन खाली टँकरपाशी जात आणि भरलेले कॅन घेऊन जिने चढत. लिफ्ट चालू असली तर नशीब.

यावर उपाय म्हणून तेरा सोसायट्यांची मिळून एक फेडरेशन करायचं घाटत होतं. सगळे व्हॉल्व्ह फेडरेशनच्या माणसाच्या हातात जाणार होते. शिवाय पाण्याचं नवं, मोठं कनेक्शन मिळायचं तर ते फेडरेशनच्याच नावाने मिळणार होतं, आणि त्या अर्जाची मुदत सोमवारी संपत होती. फेडरेशन व्हायला तेरापैकी नऊ इमारतींची मतं लागत होती. आठ पक्की होती, चार ठाम विरोधात होती. उरला तेरा नंबर, आणि तेरा नंबरचं मत शिवरामसरांच्या खिशात होतं.

आता यात अमेरिका कुठून आली, असं कुणी विचारेल. ती सरांनी स्वतः आणली.

ऑगस्टमध्ये ज्येष्ठ नागरिक कट्ट्यावर त्यांचं व्याख्यान ठेवलं होतं. तेरा नंबरच्या माणसाला क्लबहाउसमध्ये खुर्ची मिळाली, तीही व्यासपीठावर, अशी ही पहिलीच वेळ. सर खुलले. इंग्रजांच्या तावडीतून सुटलेली अमेरिकेतली तेरा राज्यं कशी एकमेकांच्या उरावर बसत होती, मध्यवर्ती काँग्रेस नुसती विनंत्या करायची आणि राज्यं त्या कशी कानाआड टाकायची, मग फिलाडेल्फियात उन्हाळाभर दारं-खिडक्या लावून घेऊन बलवान केंद्राची नवी घटना कशी लिहिली गेली, आणि ती मान्य व्हायला तेरापैकी नऊ राज्यांचीच संमती कशी लागत होती, हे त्यांनी असं रंगवून सांगितलं की लोक घड्याळ बघायचं विसरले. तेराला तेरा आणि नऊला नऊ, योगायोग कुणाच्या नजरेतून सुटणार?

झालं. दुसऱ्या दिवसापासून कॉम्प्लेक्समध्ये दोन पक्ष पडले. व्याख्यानात बलवान केंद्राच्या बाजूने हॅमिल्टन होता आणि राज्यांच्या हक्काच्या बाजूने जेफर्सन; म्हणून फेडरेशन हवं म्हणणारे हॅमिल्टन झाले, नको म्हणणारे जेफर्सन. व्हॉट्सअपवर दोघांचे वेगळे ग्रुप निघाले. भाजीवाल्यापाशी, लिफ्टमध्ये, सकाळच्या फेरीत, जिथे तिथे माणसं शिवरामसरांचीच वाक्यं एकमेकांवर फेकू लागली. सर बिचारे सांगत होते की घटना लिहिली तेव्हा जेफर्सन पॅरिसला होता आणि त्याचं-हॅमिल्टनचं वाजलं ते पुढे मंत्रिमंडळात; विरोधकांना तेव्हा अँटी-फेडरलिस्ट म्हणत. पण भांडायला नाव मिळाल्यावर तारखा कोण विचारतो. सात नंबर आणि पाच नंबरमधल्या दोन जुन्या मैत्रिणींचा एकत्र चहा बंद झाला. पार्किंगमध्ये एकदा कॉलर धरण्यापर्यंत पाळी आली.

सर स्वतः हॅमिल्टनच्या बाजूचे, आणि ते काही पुस्तक वाचून नव्हे. त्यांचे वडील देशावरच्या गावातून ठाण्याला आले ते विहिरीमुळे. विहीर गावाची होती. गाव म्हणजे कोण, हे वडिलांना लहानपणीच कळलं होतं. ते म्हणायचे, जवळचा अधिकारी आपल्याला ओळखतो, तीच भीती. लांबचा कायदा आंधळा असेल, पण तो निदान आडनाव विचारत नाही. हे वाक्य सरांनी आयुष्यभर जपलं होतं. प्रत्येक व्हॉल्व्ह शेजाऱ्याच्या मर्जीवर सोडण्यापेक्षा वर एक मजबूत फेडरेशन असावं, असं त्यांना मनापासून वाटत होतं. मग आज त्यांचा चहा घशाखाली का उतरत नव्हता?

कारण काल त्यांनी मसुदा पूर्ण वाचला होता. फेडरेशन करताना एका इमारतीला एक मत होतं, पण एकदा फेडरेशन झालं की पुढचं प्रत्येक मत घरांच्या संख्येवर मोजलं जाणार होतं. पाण्याच्या वेळा ठरवणार होती पाचजणांची समिती. बाराशेच्या वर घरं, त्यात तेरा नंबरची अठ्ठावीस. त्या समितीत आपला माणूस सात जन्मांत जाणार नाही, हे कळायला प्राध्यापक व्हावं लागत नाही. आज बारा इमारती मर्जीने पाणी अडवत होत्या. उद्या ठराव करून अडवू शकल्या असत्या.

इमारतीने निर्णय सरांवर सोडला होता. तळमजल्यावरच्या राकेशने, जो बसवर कंडक्टर आहे, एका संध्याकाळी दारोदार फिरून अठ्ठावीस सह्या आणल्या होत्या: शिवरामसर ठरवतील ते आम्हांला मान्य. तो कागद हातात आल्यावर सरांना बरं वाटलं होतं, नाही कशाला म्हणा. भीमाबाईंनी एकदा सुचवलं होतं की सगळ्यांना खाली बोलवा, काय लिहिलंय ते सांगा. पण जे शिकवायला आपल्याला अख्खं सत्र लागायचं ते अर्ध्या तासात कसं सांगायचं, असं सरांना वाटलं आणि ते राहून गेलं.

निघताना भीमाबाई म्हणाल्या, "तो ऋतुराज पुढे आला की तुम्ही विरघळता. 'सर' म्हटलं की झालं. आज तेवढं नका करू."

सरांनी मान हलवली आणि चपला घातल्या.

ऋतुराज फेडरेशनचा खरा सूत्रधार. सहा नंबरचा प्रतिनिधी, बँकेत मोठ्या हुद्द्यावर, आणि वीस वर्षांपूर्वीचा सरांचा विद्यार्थी. पोरगा हुशार आणि सरळ. दोन महिने रजा काढून काढून त्याने हा मसुदा तयार केला होता. क्लबहाउसच्या दारात तो सरांच्या पाया पडायला वाकला, आणि त्याच्या मागे उभ्या असलेल्या पाच नंबरच्या कमलेशने तोंड वाकडं केलं. कमलेश विरोधकांचा म्होरक्या. प्रत्येक इमारत आपलं आपण बघायला समर्थ आहे, वरून कुणी हुकूम सोडायला नको, हे त्याचं पालुपद. स्वातंत्र्य स्वातंत्र्य म्हणत तो काय राखू बघत होता, ते सकाळी त्याच्या इमारतीखाली चमकणाऱ्या गाड्या बघून कुणालाही कळलं असतं.

बैठक सुरू झाली. तेरा प्रतिनिधी टेबलाभोवती, बाकीचे खुर्च्यांवर, काही भिंतीला टेकून. पंखे फिरत होते तरी ऑक्टोबरची हवा जागची हलत नव्हती. पहिला तास कमलेश आणि ऋतुराजच बोलले. आवाज चढले, कुणीतरी टेबलावर हात आपटला, कुणीतरी जुन्या गणपतीच्या मिरवणुकीचं भांडण उकरून काढलं. मग एकेका इमारतीची भूमिका विचारून झाली आणि आकडा जिथे अडणार होता तिथेच अडला. आठ बाजूला, चार विरोधात. सगळ्यांच्या माना तेरा नंबरकडे वळल्या.

सर उभे राहिले. त्यांनी सांगितलं की त्यांना फेडरेशन हवं आहे, फक्त मसुद्यात एक ओळ घालायची आहे. घरून लिहून आणलेली ती ओळ त्यांनी वाचली: सर्व इमारतींना माणसांच्या संख्येच्या प्रमाणात पाणी मिळेल, आणि हा नियम कोणत्याही इमारतीच्या संमतीशिवाय तिच्याविरुद्ध बदलता येणार नाही.

दोन नंबरचा प्रतिनिधी लगेच शेजारच्याच्या कानाशी लागला. सात नंबरचे गृहस्थ म्हणाले की असल्या गोष्टी विश्वासाच्या असतात, लिहायच्या नसतात. आणखी कुणी म्हणालं, आपण काय एकमेकांना पाणी तोडणार आहोत का, सर, काहीतरीच. जे आजपर्यंत रोज तोडत होते तेच हे म्हणत होते, आणि खरंच दुखावल्यासारखे दिसत होते. सरांना त्याचंच जास्त वाईट वाटलं.

ऋतुराजने दहा मिनिटं चहासाठी मागून घेतली आणि सरांना बाहेर व्हरांड्यात नेलं. समोर स्विमिंग पूल होता, काठोकाठ भरलेला. सर पाण्याकडे पाठ करून उभे राहिले.

"सर, तुमची ओळ बरोबर आहे," ऋतुराज म्हणाला. "मी स्वतः तिच्या बाजूचा आहे. पण ती आज घातली ना, तर दोन आणि सात नंबर हातचे जातात. मग मी नऊ आणू कुठून? उद्या मुदत संपते. एकदा फेडरेशन होऊ दे, सहा महिन्यांत मी दुरुस्ती आणतो. शब्द देतो."

शब्द खोटा नव्हता, ते सरांना दिसत होतं. शब्द पाळता येईल की नाही, एवढाच प्रश्न होता.

"तुम्हीच सांगितलंत ना ऑगस्टमध्ये," ऋतुराज पुढे म्हणाला, "मॅसॅच्युसेट्सचं. आधी संमती, मग दुरुस्त्या. आणि तीन वर्षांत दहा दुरुस्त्या झाल्या. विश्वास ठेवला म्हणून देश झाला. नाहीतर तेरा राज्यं आजपर्यंत भांडत बसली असती."

"सांगितलं होतं," सर म्हणाले.

"आणि सर, तुम्हांला आठवत नसेल, पण एस.वाय.ला तुम्ही ट्युटोरियल घेतलेलं. गुलामीचा प्रश्न घटनाकारांनी का टाळला. मी लिहिलेलं की तो तेव्हाच काढला असता तर दक्षिणेकडची राज्यं उठून गेली असती, म्हणून ती व्यवहार्य तडजोड होती. वीसपैकी सोळा दिलेले तुम्ही. खाली लाल पेनाने 'उत्तम' लिहिलेलं. मी अजून ठेवलंय ते."

तो हे प्रेमाने सांगत होता. आपण कुठे बोट ठेवलं, हे त्याच्या गावीही नव्हतं.

ऑगस्टच्या व्याख्यानाच्या टिपणात तो मुद्दा होता. राज्याची लोकसंख्या मोजताना गुलाम माणसाला तीन पंचमांशच मोजलं, हे त्यांनी ठळक लिहून ठेवलं होतं, आणि ऐनवेळी वगळलं होतं. समोर साठ-सत्तर खुशीतले चेहरे, पहिल्यांदा मिळालेली खुर्ची, संयोजकांनी आणलेली शाल. इथे कशाला कडवट काढायचं, असं त्यांना वाटलं होतं. आपण तेरा नंबरचे आहोत हे लोक तासभर विसरले होते आणि सरांना ते विसरणं गोड लागलं होतं. आणि वर्गात? वर्गात तर शाल नव्हती. तिथेही ते दरवर्षी 'व्यवहार्य तडजोड' म्हणून फळ्यावर लिहीत आले होते, कारण पुस्तकात तसं होतं आणि परीक्षेत तसं विचारत. त्यांना स्वतःची भयंकर लाज वाटली. हरभऱ्याच्या झाडावर त्यांना कुणी चढवलं नव्हतं, ते आपले आपणच चढले होते.

"चल आत," ते म्हणाले.

आत सगळे बसले. ऋतुराजने मसुदा सरांपुढे सरकवला, सहीच्या जागी बोट ठेवलं आणि पेन उघडून दिलं. कमलेश खुर्चीत पुढे सरकून बसला. सरांनी पेन हातात घेतलं नाही.

"मी ऑगस्टमध्ये तुम्हांला अर्धीच गोष्ट सांगितली," ते म्हणाले. आवाज वर्गातला होता, मागच्या बाकापर्यंत जाणारा. "त्या घटनेसाठी जी तडजोड झाली, ती काही लाख माणसांच्या जिवावर झाली. त्यांना गुलाम ठेवायचं ठरलं, म्हणून बाकीच्यांचं जमलं. पुढे दुरुस्त्या झाल्या, खरं आहे. त्या गुलामांसाठीची दुरुस्ती व्हायला पंचाहत्तर वर्षं आणि एक युद्ध लागलं. मी याला व्यवहार्य तडजोड म्हणायला शिकवलं. तसं लिहिणाऱ्याला सोळा गुण दिले. ते चुकलं. ती व्यवहार्य कुणासाठी, हे मी कधी विचारलंच नाही, कारण ज्यांच्या जिवावर ती झाली त्यांना त्या खोलीत कुणी बोलावलं नव्हतं, विचारलं नव्हतं." त्यांनी मसुदा हलकेच परत सरकवला. "आज तेरा नंबरला खोलीत बोलावलंय आणि विचारलंय. तर उत्तर नाही असं आहे. ती ओळ लिहा, मी आत्ता सही करतो."

ऋतुराजने दोन नंबरकडे पाहिलं, सात नंबरकडे पाहिलं. दोघंही टेबलाकडे बघत होते. सर उभेच राहिले. शेवटी ऋतुराजने पेनाला टोपण लावलं आणि आठ विरुद्ध पाच असं वहीत लिहिलं. त्याचे डोळे भरून आले होते. दोन महिन्यांची मेहनत होती ती पोराची, आणि पाणी त्यालाही हवं होतंच.

सगळ्यांत वाईट ते नंतर झालं. सर पायऱ्या उतरत असताना कमलेश मागून आला आणि त्याने त्यांच्या पाठीवर थाप मारली. "मानलं सर तुम्हांला. एकदम कडक पाडलंत. आता आपापले व्हॉल्व्ह, आपापलं राज्य." सरांनी त्याचा हात बाजूला केला. आपण आयुष्यभर ज्यांच्याविरुद्ध बोलत आलो, त्यांच्याच पारड्यात आज मत पडलं, हे त्यांना कळत होतं. तरी मत चुकीचं होतं असं वाटत नव्हतं. वडील असते तर काय म्हणाले असते, याचा विचार करत ते भर उन्हात तेरा नंबरपर्यंत चालत आले. खरं सांगायचं तर थोडा अभिमानही वाटत होता. खोलीत उभं राहून 'नाही' म्हणणं सोपं नसतं.

खाली टँकर आला होता. राकेश कॅन भरत होता आणि त्याची बायको पायल, सातवा महिना असलेली, सहाव्या मजल्यावर दिराकडे राहणाऱ्या सासूसाठी एक लहान कॅन घेऊन जिन्याच्या पहिल्या पायरीवर टेकली होती. आणखी पाच-सहा जण होते. सगळे सरांकडे बघू लागले.

सरांनी सगळं सांगितलं. फेडरेशन झालं नाही, नवं कनेक्शन आता या खेपेला नाही. आपली ओळ त्यांनी लिहिली नाही, म्हणून आपण नाही म्हटलं. ज्यांचं पाणी जाणार त्यांना विचारल्याशिवाय कुणी ठरवायचं नाही, हे आज तोंडावर सांगितलं. सांगताना त्यांचा आवाज पुन्हा चढला, वर्गातला झाला.

राकेश म्हणाला, "बरं केलंत, सर." पण कॅनवरून त्याची नजर वर आली नाही.

पायलने पदराने मान पुसली. ती चिडलेली नव्हती, नुसती दमलेली होती. "सर, नवं कनेक्शन आलं असतं तर आपल्याला थोडं तरी जास्त आलं असतं ना?"

"थोडं, हो. पण ते कधीही..."

"हे आम्हांला नव्हतं माहीत," ती म्हणाली. "आम्हांला वाटलं, नुसतं वॉल्व्हचंच आहे. तुम्ही म्हणालात ना, विचारल्याशिवाय ठरवायचं नाही. मग आम्हांला कुठे विचारलंत?"

सरांच्या हातात राकेशने आणलेल्या सह्यांचा कागद होता. तो दाखवायला त्यांनी हात उचलला आणि कागद घडी करून खिशात ठेवला. अठ्ठावीस सह्यांच्या वर 'सर ठरवतील' एवढंच लिहिलेलं होतं.

"मी विचारलं असतं," ते शेवटी म्हणाले, "तर तू काय सांगितलं असतंस?"

पायलने खरोखर विचार केला. टँकरच्या पाइपातून पाणी बाहेर सांडत होतं आणि कुणीतरी धावत जाऊन त्याखाली बादली लावली.

"काय माहीत," ती म्हणाली. "कदाचित नाहीच म्हणाले असते. पण माझं मी म्हणाले असते."

ती कॅन उचलायला वाकली. सरांनी तो तिच्या हातातून घेतला, दुसऱ्या हाताने जिन्याचा कठडा धरला आणि चढायला लागले. पहिल्या मजल्यावर पोचल्यावर त्यांनी कॅन खाली ठेवला, श्वास घेतला आणि विचारायचं राहून गेलेलं विचारायला समोरच्या दाराची बेल वाजवली.